शाळेतील परिसर-शिक्षण आणि आपला अल्प निधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर आणि भोजनापूर्वी बोलण्याची पाळी ज्याच्या वाट्यास येते, त्याच्याकडून श्रोत्यांची एकच अपेक्षा असते, हे आम्हांस पूर्ण ठाऊक आहे. तथापि चिटणीसांनी आम्हांस पंचवीस मिनिटे दिली आहेत, आणि ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत त्याचा आपल्या मंडळाच्या तिजोरीशी प्रत्यक्ष संबंध आहे. सबब आपण थोडा वेळ भूक आवरून धरावी, अशी नम्र विनंती आहे.

विषय साधा आहे. आपल्या भोवतालची जमीन, पाणी, झाडे, पाऊस यांचे ज्ञान शाळेतील मुलांना पुस्तकातून न देता त्यांच्या हातांनी करवून द्यावे, आणि त्यासाठी शाळांना लहान लहान रकमा द्याव्यात, असे पुष्कळ दिवस बोलले जाते. काही ठिकाणी त्या रकमा दिल्याही जातात. त्या कशा कामी येतात आणि कशा वाया जातात, हे आम्ही शाळेच्या आतून पाहिलेले आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पुढील सारे आयुष्य खेड्यांतील प्राथमिक शाळांत काढले, एवढीच आमची पात्रता. परंतु या विषयात शास्त्रज्ञापेक्षा शाळामास्तराचा अनुभव अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

हा विचार नवा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना देशापुढे ठेवली. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. पाने, बिया, खडे हेच तिचे शैक्षणिक साहित्य. १९७२ साली मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमधून विज्ञान प्रयोगांनी शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि १९७८ पासून तो त्या जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पसरला. मुले ओढ्याकाठी जात, शेतात जात, पाने व बिया गोळा करीत. शाळेस मिळे ती प्रयोगसाहित्याची एक पेटी. आगपेटीच्या काड्यांपासून भूमितीच्या आकृती करावयास शिकविणारे श्री. अरविंद गुप्ता हे त्याच उपक्रमाच्या वातावरणात तयार झाले, आणि पुढे पुण्यात राहून त्यांनी महाराष्ट्रातील मुलांचे फार मोठे काम केले. तो होशंगाबादचा उपक्रम तीस वर्षे चालला. २००२ साली सरकारी निर्णयाने तो बंद झाला. तीस वर्षे उभी राहिलेली गोष्ट एका निर्णयाने आडवी होते, याची नोंद आपण मनात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता कायद्याची बाजू. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने श्री. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांत सक्तीचे करावे, असे सांगितले. बारा वर्षांत पुरेसे काही झाले नाही, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि विषय अभ्यासक्रमात आला. विषय आला म्हणजे गुण आले, गुण आले म्हणजे प्रकल्पवही आली, आणि प्रकल्पवही आली म्हणजे ती तयार विकणारा दुकानदारही आला. वर्ष सरत आले की तालुक्याच्या गावी वहीपुस्तकांच्या दुकानात 'नदीचे प्रदूषण' आणि 'ध्वनिप्रदूषण' अशा छापील वह्या टांगलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. नाव, इयत्ता व हजेरी क्रमांक तेवढा घालावयाचा. एका वर्षी आमच्या परिचयाच्या एका शिक्षकबंधूंकडे तपासावयास आलेल्या चाळीस वह्यांमध्ये एकच नदी चाळीस वेळा प्रदूषित झालेली होती, आणि त्या गावाजवळून नदीच जात नव्हती.

असे होऊ नये, मुलांनी बाहेर पडून काही करावे, या हेतूने केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ साली 'राष्ट्रीय हरित सेना' ही योजना सुरू केली. शाळेत तीस ते पन्नास मुलांचे मंडळ करावयाचे, एक शिक्षक प्रमुख नेमावयाचा, आणि वर्षास १,००० रुपये अनुदान मिळावयाचे. पुढे ही रक्कम २,५०० आणि नंतर ५,००० रुपये झाली. देशभरातील एक लाखाहून अधिक शाळांत ही मंडळे स्थापन झाली. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेतही इको क्लबच्या नावाने प्राथमिक शाळेस ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक शाळेस १५,००० पर्यंत आणि माध्यमिक शाळेस २५,००० पर्यंत तरतूद झाली. हेतू उत्तम होता. एक हजार रुपयांत काय होणार, असे म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. आम्ही मुरडली नाहीत. आमची तक्रार रकमेच्या अल्पतेविषयी कधीच नव्हती. ती कशाविषयी होती, ते सांगण्यासाठी आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती भूषणावह नाही.

सन २००४ मध्ये आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात नोकरीस होतो. ज्यांनी महाबळेश्वर पाहिले आहे त्यांना सातारा म्हटले की धुके आणि धबधबे आठवतात. त्याच जिल्ह्याचा हा दुसरा भाग. तेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशाच एका योजनेखाली आमच्या शाळेस ५० रोपे मिळाली. पर्यावरण दिनाच्या निमित्ताने सरपंच व पाहुणे आले, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. खड्डे वीतभर खोल होते. काही रोपे तर काळ्या पिशवीसकट मातीत पुरली गेली, हे आम्हांस नंतर कळले. कुंपणासाठी, पाण्याच्या बादल्यांसाठी जे पैसे यावयाचे ते आले पुढील मार्च महिन्यात, आणि ३१ तारखेच्या आत खर्च करून पावत्या पाठवा अशा आज्ञेसह. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. घोड्यावर बसावयास नवरदेवही उरला नव्हता; कारण मार्चमध्ये आम्ही मोजदाद केली तेव्हा ५० रोपांपैकी तीन जिवंत होती.

पैशांबरोबर एक छापील तक्ता आला होता. त्यात 'जिवंत रोपांची संख्या' असा रकाना होता. तीन असे लिहिले तर विचारणा होणार, खुलासा द्यावा लागणार, कदाचित पुढील वर्षी शाळेचे नाव यादीतून जाणार. इतर शाळा काय लिहितात याची आम्ही चौकशी केली आणि आम्हीही लिहिले: बेचाळीस. पन्नास लिहिण्याचे धैर्य झाले नाही. बेचाळीस ही संख्या खरी वाटते. तक्त्याची नक्कल करावयास आम्ही सहावीतील एका मुलीस बसविले, कारण तिचे अक्षर मोत्यासारखे होते. तिने लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारले, "गुरुजी, ही बेचाळीस झाडं कुठली?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरोखरच वाटले की शाळेची आणखी कोठे तरी जमीन असावी. आम्ही म्हणालो, "लिही बाळ, वरून मागितलंय." तिने लिहिले. त्या वर्षी आमच्या शाळेत पर्यावरणाचे जे शिक्षण झाले ते एवढेच. तो तक्ता अजूनही कोणत्या तरी कपाटात असेल, आणि त्यावर आमची सही आहे.

आता पुढील भाग ऐकून आपणांस आनंद होईल, कारण त्यात आपल्या मंडळाचे नाव येते. २००६ साली याच व्यासपीठावर मंडळाने आमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि १,००१ रुपयांचे पाकीट दिले. शाल अजून वापरात आहे. नारळाची वडी झाली. पाकिटाचे काय करावे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि अखेर आमच्या कुटुंबानेच सुचविले की ज्या शाळेमुळे हे मिळाले त्या शाळेलाच ते लावावे. त्या पैशास तक्ता नव्हता, ३१ मार्च नव्हता, पावत्याही नव्हत्या. तो एप्रिल महिना होता, म्हणजे पावसाळ्यास दोन महिने अवकाश होता. शाळेतील झाडे कशाने मरतात, हा प्रश्न आम्ही मुलांपुढे मांडला. आमची समजूत होती की उत्तर शेळ्या हे येईल. शेळ्या आल्याच, परंतु सातवीतील एका मुलाने सांगितले, "गुरुजी, झाडं सुटीत मरत्यात." किती खरे! ज्या मे महिन्यात रोपास पाणी सर्वांत अधिक हवे, त्याच महिन्यात शाळेस कुलूप असते. अडीच तपे शाळेत घालवूनही ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

म्हणून त्या वर्षी ५० रोपे घेतली नाहीत, पाच घेतली. दोन कडुनिंब, एक करंज, एक चिंच आणि एक उंबर. खड्डे उन्हाळ्यातच हात-हात खोल खणून तापू दिले. कुंभाराकडून कच्च्या भाजणीची, पाझरणारी मडकी आणली, आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेस एकेक मडके गळ्यापर्यंत पुरले. मडके भरून तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला म्हणजे पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपत राहते, आणि रोज पाणी घालण्याची गरज उरत नाही. आठवड्यातून दोनदा भरले तरी भागते. पुढील मे महिन्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या दहा घरांतील मुलांच्या पाळ्या लावल्या. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण फुकट झाले. एक रोप तरीही शेळीने खाल्ले. चार राहिली. आम्ही वहीत 'चार' असे लिहिले, आणि पाचव्याच्या पुढे मुलांनी शेळी कोणाची तेही लिहिले. ते आम्हांस खोडावे लागले, कारण शेळी शाळा समितीच्या अध्यक्षांची होती.

मडकी, दोन बादल्या, एक सुती दोर, मोजपट्टी आणि काही भिंगे यांत साधारण सातशे रुपये गेले. उरलेल्या पैशांतून आम्ही जे केले त्यास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. ते म्हणजे पाऊस मोजणे. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक पत्र्याचा डबा घेतला, झाडे व भिंती यांपासून दूर मोकळ्या जागी वाळूत पक्का रोवला, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर ते पाहावयाचे ठरविले. साडेआठची वेळ आमची नव्हे. हवामान खातेही त्याच वेळी मोजते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे एकदा मुलांस उमगले की मग गणिताच्या तासास वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. एके रात्री २५ मिलिमीटर पाऊस झाला. सकाळी मुलांनी गुणाकार केला: ३,००० लिटर. आणि त्याच आठवड्यात शाळेचा हौद भरण्यासाठी मुली डोक्यावर हंडे आणीत होत्या. आम्ही काही बोललो नाही. मुलींनीच ते गणित घरी नेले. पुढील वर्षी पन्हळ व पिंप यांसाठी पालकांनी वर्गणी केली, ती कोणी व्याख्यान दिले म्हणून नव्हे.

महिनाभरात गावातील शेतकरी सकाळी शाळेकडे डोकावू लागले. "पोरांनो, काल किती?" अशी विचारणा होऊ लागली. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर ती सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते, आणि तिची मोजणी महसूल मंडळाच्या गावी असलेल्या यंत्रावर होते. आमच्या गावी ढग फुटावा आणि दहा-बारा किलोमीटरांवरील त्या यंत्रात चार थेंब पडावेत, असे कितीदा तरी होते. मुलांच्या वहीस सरकारी किंमत नव्हती. परंतु आपल्या गावात काय पडले हे गावास प्रथमच आकड्यात कळू लागले, आणि तो आकडा सांगणारी मुले दहा-अकरा वर्षांची होती.

त्यांनी विहीरही मोजली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोरास दगड बांधून पाण्याची पातळी काठापासून किती खाली आहे ते पाहावयाचे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. तो थर रिकामा झाला की विहीर एकाएकी तळ दाखविते. पुस्तकातील हे वाक्य मुलांनी दोरावरील गाठींत वाचले. याविषयी अधिक सांगत नाही, कारण विहिरीची दुसरी गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती या सभेत सांगावी की न सांगावी याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. त्या गावची काही मंडळी येथे बसलेली आहेत. त्यांनी रागावू नये.

पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे पाहण्याची एक स्वस्त बाटली मिळते. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून बाटली उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावयाची. पाण्यात मैल्याचा संसर्ग असेल तर ते काळे पडते. ही परीक्षा अंतिम नव्हे, पण शंका घेण्यास पुरेशी आहे. आम्ही सहा बाटल्या आणल्या. गावातील सहा ठिकाणचे पाणी मुलांनी भरून आणले, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि वर्गातील कपाटावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले शाळा उघडण्यापूर्वीच दारात उभी होती. तीन बाटल्या काळ्या झाल्या होत्या. त्यांपैकी एक शाळेच्या हौदाची, आणि एक आपल्या ज्ञातीच्या आळीतील विहिरीची. जी सर्वांत निर्मळ राहिली ती गावाबाहेरील वस्तीच्या हातपंपाची होती. ज्या वस्तीच्या पाण्यास आपल्या वाडवडिलांनी कधी हात लावला नाही, तीच ती वस्ती. ती बाटली भरून आणणारा मुलगा त्या वस्तीतला होता. तो काही बोलला नाही. बाटली उजेडाकडे धरून पाहत राहिला, एवढेच आम्हांस आठवते.

दुपारी आपल्या आळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ शाळेत आले. त्यांचा नातू चौथीत होता. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपल्यातलं. आन् आपल्याच हिरीला नाव ठिवायला पोरास्नी शिकवताय व्हय?" आम्ही त्यांना बाटली दाखविली, रीत समजावून सांगितली. ते पटून गेले असे नाही. तथापि आठ दिवसांनी त्यांचाच मुलगा विहिरीच्या कठड्याशी सिमेंट घेऊन उभा होता. जनावरांच्या हौदाचे सांडपाणी फुटक्या कठड्यातून परत विहिरीत जात होते, ते बंद झाले. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पावडर टाकली. त्यानंतरची बाटली स्वच्छ निघाली. पुढील पावसाळ्यात पुन्हा एकदा काळी झाली, आणि पुन्हा पावडर पडली. आमच्या कुटुंबास मात्र त्या वर्षी आळीतील हळदीकुंकवाची आमंत्रणे आली नाहीत. बाटल्यांचा असा खर्च कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो.

आता मागणी. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांना ढाली, फेटे व रोख पारितोषिके देते. त्यावर काय खर्च होतो तो अहवालात छापलेला आहे. तो बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आताच ज्या मुलांचा गौरव झाला त्यांच्या समोर तसे म्हणणे शोभणारही नाही. शिक्षण निधीच्या व्याजातून दरवर्षी ३०,००० रुपये वेगळे काढावेत आणि दहा शाळांस प्रत्येकी ३,००० द्यावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. कार्यकारिणीत यावर आक्षेप आले. ते आमच्या कानावर आले आहेत, आणि ते घेणारी मंडळी आमच्या स्नेहातील आहेत.

पहिला आक्षेप असा की सरकार पैसे देते, मग आपण कशाला? याचे उत्तर वर येऊन गेले आहे. सरकारची रक्कम आपल्यापेक्षा मोठी आहे. आपल्याजवळ जे आहे ते सरकारजवळ नाही, आणि ते म्हणजे योग्य वेळी देण्याची मुभा. आपला कोषाध्यक्ष एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धनादेश लिहू शकतो. शिवाय एक योजना बंद पडली, नाव बदलले, निर्णय फिरला, तरी दहा शाळांच्या वह्या चालू राहतील. होशंगाबादची गोष्ट आम्ही त्यासाठीच सांगितली.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. शिक्षक पैसे खातील, अशी शंका एका सभासदांनी स्पष्ट बोलून दाखविली. आम्ही स्वतः खोटा तक्ता लिहिलेला माणूस असल्यामुळे आम्हांस राग आला नाही. मात्र आमचा अनुभव असा की तीन हजार रुपयांचा अपहार होत नाही. अपहार होतो तो खरेपणाचा, आणि तो करावयास देणाराच भाग पाडतो. म्हणून आमची सूचना अशी आहे की आपण छायाचित्रे मागू नयेत, यशाची संख्या मागू नये. मुलांच्या अक्षरातील नोंदवही मागावी. निम्मी रक्कम एप्रिलमध्ये द्यावी, आणि दिवाळीनंतर मंडळाच्या दोन सभासदांनी शाळेत जाऊन, मुलांच्या बाकावर बसून ती वही वाचावी. रोप मेले असेल तर का मेले हे ज्या वहीत लिहिले असेल, त्या शाळेस दुसरा हप्ता आधी द्यावा. सर्व काही हिरवेगार असल्याचे जी वही सांगेल, तिच्याकडे थोडे बारकाईने पाहावे. आम्ही तपासणीस गेलो तर आम्हांस त्या वह्या ताबडतोब ओळखू येतील.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना, आणि बोलताना आवाज थोडा उतरवूनच तो घेतला जातो. निधी ज्ञातीचा, आणि शाळेत तर सर्वांचीच मुले. आपल्या पैशाने आपल्या मुलांचे काय? बंधूंनो, आमच्या त्या वर्गातील तीस मुलांपैकी आपली मुले चार होती. त्या चौघांच्या घरचे पाणी काळे निघाले आणि ते त्यांना कळले, याचे कारण तो वर्ग तीस मुलांचा होता, आणि वस्तीतील मुलगाही बाटली घेऊन आला होता. तुलना करावयास दुसरी बाटली नसती तर आपण आपली काळी बाटली हीच पाण्याची रीत समजलो असतो. केवळ आपल्या चार मुलांसाठी पाऊस वेगळा मोजता येत नाही. याउपर ज्यांस असे वाटेल की निधीच्या घटनेत दुरुस्ती केल्यावाचून हे करता येणार नाही, त्यांनी तशी दुरुस्ती पुढील सभेपुढे आणावी. आम्ही तिला अनुमोदन देऊ.

मुंबई-पुण्याच्या सभासदांची मुले ज्या शाळांत जातात त्यांस आपल्या तीन हजारांची गरज नाही. तेथील पालकांनी सोसायटीत महिन्यास किती टँकर येतात आणि गच्चीवर किती पाणी पडून वाहून जाते, हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. त्यास पैसे लागत नाहीत.

प्रतिवर्षी दहा शाळा निवडणे, वह्या वाचणे आणि शिक्षकांस उन्हाळ्यात एक दिवस एकत्र बसविणे, हे काम पहिली तीन वर्षे आम्ही विनामूल्य करू. प्रकृती साथ देत आहे, आणि एस.टी.चे अर्धे तिकीट पुढे कामास येईलच. अर्जाचा नमुना एका पानाचा केला आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: काय पाहणार, कोण पाहणार, आणि सुटीत कोण सांभाळणार. नमुने चिटणीसांकडे ठेवले आहेत. शिक्षक असलेल्या ज्ञातिबंधूंनी आणि विशेषतः भगिनींनी जाण्यापूर्वी ते न्यावेत.

ही चर्चा बाहेर कशी फुटली ते आम्हांस माहीत नाही, परंतु दोन अर्ज आताच आले आहेत. एका शाळेस ओढ्याचे पाणी बाराही महिने मोजावयाचे आहे. दुसऱ्या शाळेच्या मुलांनी स्वतःच्या अक्षरात तीन मागण्या लिहिल्या आहेत: पाऊस मोजावयाचा डबा, पंचवीस मीटर दोर, आणि सरपंचांच्या शेळ्यांपासून संरक्षण. पहिल्या दोन मागण्या तीन हजारांत बसतात. तिसरी कशी भागवावी याचा विचार कार्यकारिणीने करावा.  पाने मांडली गेल्याची सूचना मघाशीच आली आहे.